शिवलेलं गंगावन

आत्याबाई,

तुमची वेणी अजून माझ्याकडे आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या साड्यांच्या मागे. परवा कपाट आवरताना माझ्या सुनेनं तो डबा उघडला आणि "शी! आई, हे काय?" म्हणून हातातून टाकलाच. फरशीवर ते केस पडले, अर्धे काळे, अर्धे तांबूस झालेले, वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याचा गुंता आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या तेलाचा कुबट वास. तिच्या जागी मी असते तर मीही टाकलंच असतं. मी तिला म्हटलं, जुनं गंगावन आहे, ठेव तसंच. ती साबणानं दोनदा हात धुऊन आली आणि मग हसत म्हणाली, "एक्स्टेन्शन होय! मग लपवून कशाला ठेवलंय?" तिच्या लग्नात पाच जणींनी पार्लरमध्ये जाऊन क्लिपांचे केस लावून घेतले होते आणि एकमेकींना पाठ वळवून दाखवत होत्या, माझे बघ, तुझे कुठून आणलेस. मी एका खुर्चीत बसून पाहत होते आणि मला तुमचा इतका राग आला की जेवण गेलं नाही. कशाचा राग ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जिवंत होतात तेव्हा विचारायला हवं होतं. माझी वेणी का ओढलीत, एवढंच.

मला सतराव्या वर्षी टायफॉइड झाला. ताप गेला आणि जाताना केस घेऊन गेला. उशीवर, जेवणाच्या ताटात, न्हाणीघराच्या मोरीत, सगळीकडे माझेच केस. पुन्हा आले ते विरळ, आणि भांगापाशी तर आलेच नाहीत. आईनं कांद्याचा रस चोळला, माक्याचं तेल झालं, जामनेरच्या एका वैद्याचा लेप झाला, त्यानं डोक्यावर पुरळ उठलं. शेवटी ती तेलात काजळ कालवून माझ्या भांगात भरायची, म्हणजे पांढरी कातडी दिसू नये. जळगावचा उन्हाळा. कॉलेजात पोचेपर्यंत कपाळावरून काळा ओघळ यायचा आणि मी तो रुमालानं पुसून रुमाल मुठीत दडवायची. मग दारावर गंगावनवाली आली. दारोदारचं गुंतवळ घेऊन बदल्यात सुया, कंगवे, वाट्या द्यायची तीच बाई. कुणाकुणाच्या कंगव्यातून निघालेले केस, आजारी बायकांचे, बाळंतिणींचे, देव जाणे आणखी कुणाचे, धुऊन, विंचरून, एकत्र बांधून त्याची ती हातभर लांब शेपटी. आईनं ती हौसेनं माझ्या खांद्यावर ठेवून पाहिली. मला ओकारी आली. खरंच आली, मोरीशी जाऊन बसले मी.

तुम्ही धुळ्याहून मला सून म्हणून बघायला आलात त्या सकाळी आईनं ते गंगावन नुसतं बांधलं नाही. माझ्या उरल्यासुरल्या केसांचा घट्ट पेड घातला आणि जाड सुईनं, काळ्या दोऱ्यानं ते त्याच्यावर शिवलं, गोधडीला टाके घालतात तसं. सुई दोनदा डोक्याला लागली. "ओढलं तरी मान हलवायची नाही," एवढंच ती म्हणाली. पोहे झाले, चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं. मग तुम्ही म्हणालात, "आठे ये, पोरी. पाठ कर." मी पाठ केली. तुम्ही वेणी हातात घेतली, वजन बघितलं आणि खाली ओढली. एकदा हळू, मग एकदा जोरात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण मान हलली नाही. "केस तुनाच शेतस ना?" तुम्ही विचारलंत. "हो, माझेच," मी म्हटलं. माझे बाबा, ज्यांनी जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं, खिडकीबाहेर बघत होते. त्या एका शब्दावर माझं लग्न ठरलं.

यांना लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. यांनी फक्त म्हटलं, "मायला कळू देऊ नको." बिचाऱ्याला माहीतच नव्हतं की माय काय आहे. मलाही नव्हतं. तुमच्या घरात सुनेचा पदर डोक्यावरून खाली यायचा नाही, आणि तुमचा तर कधीच नाही, तुमच्याहून मोठं घरात कुणी नसतानाही नाही. मला वाटायचं, केवढी मर्यादा पाळतात आत्याबाई! गंगावन मी रविवारी धुवायची आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या बिबड्या-पापडांच्या पलीकडे, कोपऱ्यात पालथ्या टोपल्याखाली वाळवायची. तिथे कुणी जात नाही असा माझा समज होता. एका रविवारी मी घाईनं टोपलं उचललं, हाताला लागलं ते घेतलं, खोलीत येऊन शिवलं आणि भाकरी थापायला बसले. मानेवर वेगळाच वास येत होता. माक्याचा. मी माका लावणं सोडून दोन वर्षं झाली होती. वेणी पुढे घेऊन पाहिली तर तिच्यात चार-पाच पांढरे केस.

आजही मी ती चूल बघते आहे. समोर तुम्ही लसूण सोलताय, पदर नीट कपाळापर्यंत, आणि तुमच्या पाठीवर जी काळीभोर वेणी लोंबते आहे ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे बघता. मी तुमच्याकडे बघते. तव्यावरची भाकरी करपते. तुम्ही उठता, मला मागच्या खोलीत नेता, कडी लावता आणि म्हणता, "काढ. ते मनं शे." मग तुम्ही पाठ करून खाली बसलात आणि पदर पाडलात. आत्याबाई, मी तोवर तुमचं डोकं पाहिलं नव्हतं. वर टाळूवर नुसती चकाकती कातडी, कडेनं जावळासारखे केस, आणि वर्षानुवर्षं सुईनं टोचून टोचून झालेले बारीक काळे डाग. मला दया यायला हवी होती. मला शिसारी आली. याच बाईनं माझी वेणी ओढून पाहिली होती! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्या जळगावात लोक गंमत म्हणून वापरतात.

तुम्ही काही बोलाल असं वाटलं होतं. नाही बोललात. त्यानंतर दर रविवारी आपण दोघी कडी लावून बसायचो, तुम्ही माझं शिवायचं, मी तुमचं. तुमचा टाका आईच्या टाक्यापेक्षा बारीक होता, दुखायचा नाही, हे मला मान्य करायला हवं. एकदा यांच्या ताटात बिबडीतून लांब केस निघाला. हे चिडले, केस चिमटीत धरून म्हणाले, "कुणाचा हा?" काय सांगणार? तो आपल्या दोघींचाही नव्हता. तुम्हाला हसू आवरेना आणि तुम्ही पाण्याच्या निमित्तानं उठलात. त्या दिवशी मला तुम्ही आवडल्या होतात, आणि वाटलं होतं की आता बोलाल, आज नाही तर उद्या.

मग धाकट्या भावजींसाठी मुलगी बघायला आपण अमळनेरला गेलो. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, एसएससीला फर्स्ट क्लास, वडील तिथल्या कॉलेजात कारकून. मला वाटलं, या बाईला आता कळलेलं आहे, ती असलं काही करणार नाही. पोहे झाले, चहा झाला. "आठे ये, पोरी. पाठ कर." मी तुमच्या शेजारी बसलेली, माझं गंगावन तुम्ही त्याच सकाळी शिवलेलं, तुमचं मी. तुम्ही ओढलंत. एकदाच, आणि तेही फार जोरात नाही. ते सगळं तुमच्या हातात आलं. "हाई काय शे?" तुम्ही ते वर धरून विचारलंत, जसं काही जन्मात पहिल्यांदा बघताय. मुलीची आई घाईघाईनं म्हणाली, "टायफॉइड झाला होता हो तिला, येतील परत, डॉक्टर म्हणालेत येतील." वडिलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मुलगी वळली. तिनं तुमच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्याच वयाची होते मी, तिला वाटलं असेल ही तरी काही बोलेल. मी पदर तोंडाला लावला, कारण मला हसू आलं होतं. आपलं निघालं नाही म्हणून आलेलं हसू. ते तिला दिसलं. तुम्ही म्हणालात, "ऊठ वं, चाल," आणि मी उठले.

धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसून मी वाट बघत होते. म्हटलं, आता तरी. तुम्ही बराच वेळ कपाशीच्या शेतांकडे बघत होतात. मग माझ्याकडे झुकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणालात, "तिनी माय येडी शे. नुसतं बांधेल व्हतं. आपलं कसं, शिवेल शे." आणि माझ्या मांडीवर थोपटलंत. त्या थोपटण्याची किळस माझ्या मांडीवरून अजून गेलेली नाही. पण मी मान डोलावली, हेही लिहायला हवं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. भावजींना शेवटी दाट केसांचीच बायको मिळाली.

पुढे पेपरात जाहिराती यायला लागल्या, शस्त्रक्रियेविना दाट केस. मुक्ताईच्या दर्शनाला जातो असं घरात सांगून आपण दोघी जळगावला उतरलो आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर गेलो. महिन्यातून एकदा मुंबईहून एक माणूस तिथे यायचा, खोलीत आरसा, गादीवर पसरलेले केसांचे तुकडे, आणि पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास. त्यानं तुमच्या टाळूवर डिंक फासला आणि जाळीवर विणलेल्या केसांचा एक तुकडा तळहातानं दाबदाबून बसवला. "हाई डोकं शे, भाऊ, भित नही," तुम्ही त्याला म्हणालात. दहा दिवसांत त्याच्याखाली पू झाला. तो तुकडा मी कोमट पाण्यानं सोडवला, कातडीसकट. घाणीनं मी नाक दाबलं होतं आणि तुम्ही आरशात ते बघत होतात. "राहू दे, शिवेलच बरं," म्हणालात. मुक्ताईला मात्र आपण त्या दिवशीही गेलो नाही आणि नंतरही नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी घर बायकांनी भरलं होतं. अंघोळ घालायची होती. जाऊबाई तुमचा पदर काढायला पुढे झाल्या तशी मी त्यांना म्हटलं, "केस मी धुते, तुम्ही सगळ्या पाणी आणा, गरम आणा." सगळ्या गेल्या. दार लोटलं, कात्रीनं टाके कापले, वेणी ओच्यात खोचली आणि त्या परत यायच्या आत तुमचं डोकं नव्या पांढऱ्या फडक्यानं गुंडाळलं. त्या बायकांतल्या कुणाला कळलं नाही, आजपर्यंत नाही. त्या रात्रीच यांना मी सगळं सांगितलं. हे रडले आणि म्हणाले, तू मायची लाज राखलीस. गेली पंचवीस वर्षं हे अधूनमधून तसं म्हणतात आणि मी ते म्हणू देते.

हे पत्र डब्यात वेणीखाली ठेवणार आहे. सुनेनं पुन्हा उघडू नये म्हणून डब्याला सुतळी बांधेन. पण यांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. कात्री हातात होती, बायका पाण्याला गेल्या होत्या, वेळ थोडा होता. तरी मी लगेच टाके कापले नाहीत. आधी तुमची वेणी हातात घेतली आणि ओढून पाहिली. एकदा हळू, मग एकदा जोरात. तुमची मान थोडी मागे आली. वेणी नाही निघाली, आत्याबाई. रविवारीच शिवली होती मी.