दोन आखूड, एक लांब

सोमवार, ७ ऑक्टोबर. म्हसावद.

आज रुजू झाले. केळी पिकवण्याच्या केंद्रावर देखरेखीचं काम. सूतगिरणीत सतरा वर्षं काढल्यावर इथली शांतता सणासारखी वाटते. चार थंड खोल्या, समोर पॅकिंगची लांब पडवी, मागे केळीच्या बागा. मालक उमाकांतभाऊंनी ऑफिसवरची खोली राहायला दिली आहे. खिडकीतून सातपुडा दिसतो. पॅकिंगच्या रमिलाबाईंनी न सांगता खिचडी आणि तळलेली मिरची आणून ठेवली. त्रास कशाला घेतलात, म्हटलं, तर म्हणाल्या, "उपाशी मॅडम जास्ती वरडस."

उजव्या कानातली शिट्टी अर्थात सोबत आली. ती गिरणीनेच दिली आणि आता जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्यांनी सुचवलेला आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आजच सुरू केला. आवाज बदलायचा नाही, त्याची भीती बदलायची, असं त्याचं सूत्र. सुरुवातीला प्रश्नावली होती. कामाच्या ठिकाणी तुमच्या आवाजासारखा खरा आवाज असतो का? "नाही" लिहिलं. आजच्या तारखेला ते खरं आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

खोल्या नीट पाहिल्या. केळी भरली की दाराला बाहेरून कडी घालून चोवीस तास गॅस सोडतात. तोवर दार उघडायचं नाही, नाहीतर माल वाया. भिंती वीतभर जाड, आत मोबाइलला रेंज नाही. दारात तळहाताएवढी काच आहे, पण आत अंधार असल्याने बाहेरून ती काळीच दिसते. तीन नंबरच्या दाराचा आतला खटका सैल आहे. उमाकांतभाऊंना लेखी कळवलं. मिस्त्री दिवाळीनंतर येईल म्हणाले.

मला चैन पडेना. शहाद्याहून सहा शिट्ट्या आणल्या आणि आत जाणाऱ्याने गळ्यात घालायचीच, असा नियम केला. क्रेट लावणारा भटू माझ्याच वयाचा, भारी थट्टेखोर. त्याने लगेच वाजवून पाहिली, दोन आखूड, एक लांब, आणि ओरडला, "चला, नवापूरनी गाडी सुटनी!" बायका हसून लोटपोट.

शिट्टीचा सूर माझ्या कानातल्या सुराच्या फार जवळचा आहे. प्रश्नावलीतलं उत्तर बदलायला हवं. उद्या बदलते.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आज नऊ वेळा उठून दारांना कान लावून आले. आत कोणी अडकलं असेल तर? नव्हतंच. भटू म्हणाला, "ताई, तुमना कानमा कंडक्टर बसेल शे का?" मीही हसले, पण लागलं.

अभ्यासक्रमाच्या समुपदेशक आशा मॅडम यांचा निरोप आला. दर वेळी तपासायला उठलं की मेंदू शिकतो की आवाज म्हणजे धोका. म्हणून या टप्प्यात तपासायचं नाही. आवाज आला तर हातातलं काम पुरं करायचं, श्वास बोटांवर मोजायचा आणि त्रास शंभरपैकी किती ते लिहायचं.

इथे खऱ्या शिट्ट्या आहेत, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण आता सांगितलं तर गृहपाठ टाळायची सबब वाटेल. की मलाच बऱ्या झालेल्या बाईसारखं दिसायचं आहे? माहीत नाही. सांगितलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

फार चांगला दिवस.

भटू दोन दिवस रजेवर, बहिणीकडे नवापूरला. दुपारपर्यंत तीन नंबर भरून मग निघतो म्हणाला. एक वाजता खोली भरली, मीच कडी घातली आणि गॅस सोडला. खिळ्यावर पाच शिट्ट्या होत्या. सहावी भटूची, ती तो गळ्यात घालूनच घरी जातो.

दोन चाळीसला आवाज सुरू झाला. अभ्यासक्रमातला 'आवाज खरा आहे का?' हा तक्ता भरला. बाजूचा पुरावा: ऐकू येतंय, दोन आखूड, एक लांब. विरुद्ध पुरावा: भटू गेला, बाकी सगळे समोर आहेत, पडवीत पंख्यांच्या घरघरीत दुसऱ्या कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि मेंदू ओळखीचा सूर पुन्हा वाजवतो. त्रास ऐंशी. श्वास मोजला. मालाच्या चिठ्ठ्या लिहीत राहिले. चार दहाला आवाज थांबला. त्रास पंचवीस.

एकदाही उठले नाही. आशा मॅडमना तक्ता पाठवला. त्यांनी अभिनंदन केलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

एक वाजता तीन नंबर उघडली. भटू दाराशी बसलेला होता. शिट्टी दातांत. खटक्याची मूठ सुटून त्याच्या हातात आली होती.

कललेला क्रेट सरळ करायला तो परत आत गेला असावा. मी कडी घालताना हाक मारली नाही. बंद खोलीत केळी पिकताना आतली हवा खातात, हे सगळ्यांना मीच शिकवलं होतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पोलीस येऊन गेले. अपघात म्हणाले. मी उमाकांतभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमले कानना आजार शे. काय ऐकं ते कोठे लिखू नका."

भटूच्या आईला भेटायला गेले. तापीबाईंनी माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, त्याने आवाज दिला होता का.

मी नाही म्हणाले.

आशा मॅडमचा दोष नाही. त्यांच्या प्रश्नावलीत पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कानातला जुना सलग सूर गेला. इतक्या वर्षांनी गेला. आता फक्त दोन आखूड, एक लांब. तीन नंबरमधून.

दाराला नवा खटका बसवला आहे. रमिलाबाईंना बाहेर उभं करून मी आतून दहा वेळा उघडून पाहिला.

आज केळीच्या फण्या कापताना रमिलाबाईंच्या हातातून सुरी पडली. त्यांनाही ऐकू आलं. मग बाकीच्यांनाही. म्हणजे माझा कान नव्हे. उद्यापासून येणार नाही म्हणतात. उमाकांतभाऊ म्हणाले, तुमचा तो अभ्यासक्रम यांना शिकवा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

शिकवलं. डोळे मिटा, श्वास बोटांवर मोजा, हात चालू ठेवा, दार उघडायला जाऊ नका. फार पटकन शिकल्या. आज शिट्टी दोनदा वाजली, कोणी मान वळवली नाही. रमिलाबाई म्हणाल्या, "आते भ्याव नही लागत."

मला बरं वाटलं. त्यांची भीती गेली म्हणून? की मी जे तपासलं नाही, ते आता कोणीच तपासणार नाही म्हणून?

सोमवार, २ डिसेंबर

तापीबाईंना खरं सांगायचं. परवा जाते.

त्याआधी एकदा तरी उठायला हवं. आवाज आला की उठायला —

बुधवार, ४ डिसेंबर

दुपार. तीन नंबर भरलेली. गॅस आता घड्याळावर आहे, दोनला आपोआप सुरू होतो. शिट्टी वाजली. आज उठले. कोणाला सांगितलं नाही, वही हातातच होती.

तीन नंबरमध्ये शिरले. क्रेटच्या मागे कोणी नाही.

दार मागे लागलं. नवा खटका नुसता फिरतोय. फिरतोय.

मोबाइल टेबलावरच राहिला. काचेतून येणाऱ्या उजेडात लिहितेय. दार ठोकलं, भिंतीत आवाज मुरतो. गळ्यात शिट्टी आहे. वाजवली. जोरात.

काचेतून पडवी दिसते. रमिलाबाई थांबल्या. ऐकलं. इकडेच पाहतायत — थेट काचेकडे — मी हात हलवतेय — त्यांना काळंच दिसत असणार.

पुन्हा वाजवली.

त्यांनी डोळे मिटले. बोटांवर मोजतायत. एक, दोन, तीन. ओठ थरथरतायत. चौथ्याला थांबले.

सुरी पुन्हा चालू.

अगदी बरोबर करतायत. मी शिकवलं तसंच.

दोन वाजले. गॅसचा फसफस आवाज.

दम लागतोय. वाजवायची थांबले.

शिट्टी थांबली नाही. क्रेटच्या मागून. दोन आखूड —

तपासायचं नाही. श्वास मोजायचा. एक. दोन.

त्रास शंभरपैकी —

जवळ आली. आता उजव्या कानाच्या अगदी