तांदूळ चुगली करतो

३ जून
पोचले एकदाची! पदवी मिळाली म्हणून बाबांनी दिलेली सोन्याची कानातली घालून मिरवत आले, तर ती प्रयोगशाळेच्या दारातच काढावी लागली. आम्ही भाज्या-धान्यांत शिसं, पारा असले जड धातू शोधतो. अंगावरचा एक कण नमुन्यात पडला की निकाल खोटा. सुरीसुद्धा चिनीमातीची! सफाईच्या मावशी हसून म्हणाल्या, तुझ्या आधीची पोरगी चांदी भरलेली दाढ दाखवून विचारायची, आता ही कुठे काढून ठेवू? ती न सांगताच नोकरी सोडून गेली म्हणे.

६ जून
साहेब जीव ओतून शिकवतात. भाजी धुवायची, चिरायची, गरम हवेच्या वाळवणघरात कडकडीत वाळवायची, मग दळायची. नवा नमुना घेण्याआधी चक्कीतून स्वच्छ तांदूळ काढून तपासायचा. आधीचं काही चिकटलेलं असलं, तर तांदूळ चुगली करतो.
घरातली पहिली पदवीधर मी. आई फोनवर म्हणाली, एवढं शिकून शेवटी भाजीच चिरतेस होय ग!

११ जून
तान्ह्या बाळांच्या गाजरपुडीत शिसं निघालं. भरपूर. साहेब म्हणाले, निकाल बदल. मी म्हटलं, बाळं खातात हे, मी सही करणार नाही. त्यांनी हातातलं काचेचं भांडं माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर फोडलं. गालात काच घुसली. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, आधीचीही अशीच हट्टी होती.

१२ जून
मी पुन्हा तपासून दाखवणारच होते, पण साहेबांनी माझी चक्की कुलपात घातली. मग मीच मागच्या खोलीतली मोठी, बंद ठेवलेली चक्की सुरू केली. आधी तांदूळ दळला. त्यात पारा. चांदी. कथील.
दाढेत भरतात तेच.
मावशींना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, पोरी, पळ. पण पुराव्याशिवाय माझं कोण ऐकणार?

१३ जून
चक्की उघडली. पात्यामागे केसांचा गुंता. त्यात अर्धी दाढ—
साहेब मागेच उभे होते. दगडी बत्ता. माझा उजवा हात ठेचला, एकदा नाही, थांबलेच नाहीत— डाव्या हातानं लिहितेय. वाळवणघरात कोंडलंय. मावशींना सुट्टी दिली म्हणाले—

गरम होतंय. दार हलत नाही. बाहेर सुऱ्याला धार लावताहेत. लोखंडी सुरा. आता नमुन्याची फिकीर नाही—

घाईत आज कानातली काढलीच नव्हती. गिळली. दोन्ही. गाजरात सोनं कधी नसतं. पुढची मुलगी येईल, तांदूळ दळेल, तिला दिसेल. विचारायला जाईल, सोनं कुठून—
साहेबांना नको विचारूस ग. आधी तू बाहेर—
कडी काढता—