लाल आधी फुटतो

ओजिमा, कोतो-कु, तोक्यो
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय कल्पूमावशी,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. बाबा आज रविवार असून लॅपटॉपवरच आहेत. पार्थला शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलंय, त्यामुळे तो आता आईने मराठीत काहीही विचारलं तरी जपानीत "हाय, हाय" (म्हणजे हो, हो) करतो, आणि आई म्हणते, "कुणाला हाय-बाय करतोयस रे?" खाली ती केशरी बारीक फुलांची झाडं फुललीत. आमच्याकडे बाटल्या आणि डब्यांचा कचरा टाकायचं काम माझं आहे, तेव्हा खाली गेले की वास येतो. झाल्या बातम्या.

तू म्हणालीस फोनवरच सांग पटकन. फोनवर मला जमत नाही, तुला माहितीये. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की मी निळी टिक आली का ते बघत बसते. म्हणून मेल.

तुझा मेसेज मिळाला. "जुई, सुयशला तुझं ते एक्सपोर्टचं सेटिंग पाठव गं. त्याचे व्हिडिओ फुटतात. एका बाईने कमेंटमध्ये विचारलंय, ही रांगोळी आहे का सांडलेली चटणी? तुझ्यासारखं दिसत नाही बघ." तुझ्यासारखं हे तू सहज म्हणालीस का मुद्दाम, ते मला कळलं नाही.

दोन वर्षं तुझ्या रांगोळीच्या चॅनलचे सगळे व्हिडिओ मी इथून करत होते आणि नवरात्रापासून तुझ्या खालच्या मजल्यावरचा सुयश करतो, हे मी परत लिहीत नाही. तुला माहितीच आहे.

तर सेटिंग. हे त्याला जसंच्या तसं फॉरवर्ड कर.

तुझा फोन फोर-के शूट करतो. मग एक्सपोर्टपण फोर-केच करायचं, ३८४० बाय २१६०. तो १०८० करतो, फाइल लहान होते म्हणून. तसं करायचं नाही. यूट्यूब आपली फाइल घेतं आणि स्वतः परत दाबतं, पण फोर-के दिलं की त्यातल्या त्यात बरं ठेवतं. बिटरेट ४५ ठेवायचा. व्हेरिएबल, टू पास. वेळ लागतो, लागू दे. फ्रेम रेट तीस, जो शूटचा आहे तोच. साठ करून काही छान होत नाही.

आता हे तुझ्यासाठी, म्हणजे तू परत म्हणायला नको की जुईची भाषा चिनी आहे. (मी जपानमध्ये आहे, चीनमध्ये नाही.) रेझोल्यूशन म्हणजे ठिपके. बिटरेट म्हणजे वाटीतली रांगोळी. तू एकवीस ठिपके एकवीस ओळी मांडल्यास आणि वाटीत चिमूटभरच रांगोळी असली, तर रेघा कशा येतील? फिकट, तुटक, मधेच गायब. तसंच होतं ते. आणि दर सेकंदाला तेवढीच वाटी मिळते, त्यात सगळं भागवायचं. नुसती फरशी दाखवायला काही लागत नाही, ती हलत नाही. पण तुझ्या बोटातून कण पडतात ना, एकेक कण वेगळा हलतो, त्याला खूप लागते. लालला सगळ्यात जास्त. लाल आधी फुटतो. अष्टमीची लाल कमळं बघ, कडा कशा विरघळल्यात.

सगळे आकडे खरे आहेत. मी एकही चुकीचा दिलेला नाही.

त्याला एक सांग, कॅमेरा त्याने खाली आणला ते चांगलं केलं. आधी तू स्टुलावर फोन लावायचीस तेव्हा वरून सगळं सपाट दिसायचं. आता तुझी चिमूट जवळून दिसते. मला सुचलं नसतं असं नाही. पण मी इथून स्टूल कसं हलवणार? तो वर येतो, फोन धरतो, तू म्हणतेस जरा डावीकडे, तो डावीकडे घेतो. व्ह्यूजपण वाढलेत. मी बघते. म्हणजे मुद्दाम नाही, समोर येतं म्हणून.

म्युझिक मात्र त्याचं घाण आहे. तू रांगोळी काढताना ढोल कशाला?

दसऱ्याच्या व्हिडिओत त्याच्याकडून शेवट कापायचा राहिलाय. तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. आपट्याची पानं पूर्ण होतात, तू हात झटकतेस, आणि मग तुझा आवाज येतो. "सुयश, एवढं काप हं. आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप करते तुला. आणि थांब रे, चहा टाकलाय."

हे "काप हं" माझं होतं, मावशी.

तुला आठवतंय का माहीत नाही, तू मला पाठवायचीस त्या फाइलमध्ये रांगोळी नंतर सुरू व्हायची. आधी तू रांगोळी चाळायचीस आणि बोलायचीस. "जुई, ऐकू येतंय ना गं? आज पाटावर बसलेय, गुडघा वाकत नाही मेला. समोरच्या देशपांडीणबाईंनी विचारलं, तुमची भाची शाळा सोडून करते काय? मी म्हटलं, माझा सगळा कारभार बघते तोक्योहून, तुमच्या भाचीला मराठी वाचता येतं का? बरं, हे काप हं." मग तू एक श्वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "नमस्कार मैत्रिणींनो."

मैत्रिणींनो सगळ्यांना होतं. त्याच्या आधीचं मला होतं. शाळेत नववीत सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं होतं तेव्हा माझ्या तोंडातून आवाजच आला नाही, मग मी जायची थांबले, तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी एकतर समजावून बोलतात नाहीतर हळू बोलतात. तू नुसतं बोलायचीस. मला उत्तर द्यायला लागायचं नाही.

मी ते कापायचे, पण टाकून द्यायचे नाही. ते एवढंच.

आणि आईने तुला फोन केला होता, हे मला माहितीये. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. "ताई, तू काम देतेस म्हणून ती खोलीत बसून राहते. तू काढून घे, मग बाहेर पडेल." आणि मग तू मला म्हणालीस, "अगं, रोज अपलोड करायचंय, खालीच पोरगा आहे, तू जरा अभ्यास कर." मी "ओके" लिहिलं. पुस्तकं आलीत, ओपन स्कूलची दहावीची. टेबलावर आहेत. बाहेर मी पडते, वर लिहिलंय ना, बाटल्या टाकायला. आईला राग येऊ देऊ नकोस, मी हे लिहिलं म्हणून. तिला वाटतं तू माझ्याशी बोलत होतीस ते काम होतं.

सुयशचा मला राग नाहीये. खोटं. आहे. तो चहा पितो त्याचासुद्धा आहे.

आता खरं सांगते, नाहीतर हा मेल मी पाठवणारच नाही.

वरच्या सेटिंगने काही होणार नाहीये.

सेटिंग बरोबर आहे, पण तुझा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना फुटत नाही. तो आधीच फुटलेला त्याच्याकडे जातो. तू त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेस ना? व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून दाबून एवढासा करतं. म्हणजे तू काढलेली रांगोळी कुणीतरी केरसुणीने पुसली आणि आठवेल तशी परत काढली, आणि ती सुयशला दिली. मग त्याने फोर-के करू दे नाहीतर बिटरेट शंभर ठेवू दे, पुसलेलं परत येत नाही. म्हणून तर मी तुला ड्राइव्हवर चढवायला लावायचे आणि तू कुरकुर करायचीस, "दहा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खी दुपार!" मी कारण कधी सांगितलं नव्हतं. तुला वाटलं असेल, तो खालीच आहे, आता कशाला दुपार घालवायची.

दसऱ्यापासून मला हे माहितीये. त्या न कापलेल्या वाक्यातच तू म्हणालीस. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, फुटू दे. दिवाळीत अजून फुटेल, बायका अजून चटणी म्हणतील, मग तू म्हणशील जुईलाच देऊया परत. आणि आज नुसते आकडे दिले असते तर कुणी मला काही म्हणू शकलं नसतं. बिचाऱ्याने आकडे टाकले असते आणि तरी चटणीच झाली असती. मी तो अर्धा मेल सकाळी लिहून पाठवायलाच निघाले होते.

पण जेवल्यावर मी ती आपट्याची पानं परत लावली. तू पानांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके देतेस, एकेक, मान खाली घालून. मधे एकदा तू गुडघा धरतेस आणि परत ठिपके देतेस. सगळं झाल्यावर कॅमेरा फिरतो तेव्हा ते ठिपके नाहीतच. तिथे नुसतं राखाडी काहीतरी आहे. मी मोठं करून बघितलं, स्क्रीन पुसून बघितली. मला वाटत होतं त्याचं फुटतंय. तुझं फुटत होतं.

तर, दिवाळीचं शूट झालं की त्याला व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. केबलने फोन त्याच्या लॅपटॉपला लावायचा आणि मूळ फाइल घ्यायची. त्याला म्हण केबल घेऊन वर ये. चहाला येतोच. मग वरचं सेटिंग वापर म्हणावं, कण अन् कण दिसेल. आणि ढोल काढ म्हणावं.

मग माझ्याकडे सांगायला काही उरत नाही.

एकच मागायचंय. तू आताही शूटच्या आधी बोलत असणार, मला माहितीये, तुला गप्प बसता येत नाही. ते त्याच्या काही कामाचं नाही, तो कापून टाकून देईल. ते मला पाठव. त्यात तू "सुयश, सुयश" करत असशील, असू दे. ड्राइव्ह नको, दुपार घालवू नकोस. तुला सोपं पडतं तसंच, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.

फुटलं तरी चालेल.

तुझी, सुयशच्या आधीपासूनची,
जुई