पुढच्या आवृत्तीत

लायडन, एप्रिल २०२१, मंगळवार

दुपारी लेख पाठवला, तरी चैन नाही. "प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी, हे आपल्याआधी सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव पुढच्या आवृत्तीत घालू," असं एका व्हिक्टोरियन शास्त्रज्ञाने सहलेखक मित्राला लिहिलं होतं. ती आवृत्ती निघेपर्यंत म्हातारा गेला. लेखात मी त्याबद्दल दोघांना चांगलं झोडपलंय.

पण ही पत्रं माझ्याआधी वाचून लावली कोणी? पुण्याच्या जोशी मॅडमनी. आणि शब्दमर्यादेपायी मी त्यांचंच नाव गाळलं! संध्याकाळी फोनवर कबूल केलं. "पुढच्या लेखात नक्की घालते, मॅडम."

"घाल गं, घाई कसली?" म्हणाल्या आणि खोकत राहिल्या.

पुण्यात कोरोना उसळलाय. मागच्या मंगळवारी बोललो, तेव्हा हा खोकला नव्हता.

पुढच्या लेखात म्हणे!