कुटुंबप्रमुखाचा रकाना

४ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचा पुढचा दात पडला, बाकी लेक मजेत आहे. दुकानात काम रग्गड. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून माझीच नजर अधू व्हायची वेळ आली आहे.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं. काल लिफ्टवाल्यांचा, म्हणजे भिंगरीच्या वडिलांचा, फोन आला. कर खात्याने त्यांना नोटीस पाठवून विचारलंय, की एकच इसम दोन बायकांच्या फॉर्मवर नवरा कसा? एक त्यांची आताची बायको, दुसरी मी. ती बिचारी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये.

काका, माझा फॉर्म तुम्ही भरता आणि मी डोळे मिटून सही करते. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, तरी तुम्ही दरसाल मला बिनदिक्कत विवाहित लिहिता? यंदा तेवढं 'घटस्फोटित' लिहा. शेवटची तारीख एकतीस आहे.

प्रकृतीला जपा.
तुमची ठमी

१० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नोटिशीचं वाचून जीव चरकला. चाळीस वर्षं मी त्याच खात्यात कारकुनी केली. माझ्या हातच्या फॉर्मला बोट लावायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

खरं सांगतो. मी फॉर्म आधी पेन्सिलीने भरतो, मग शाईने गिरवतो. तो रकाना आला की पेन्सिलीचं टोक मोडतं. म्हटलं, रुसवाफुगवा आहे, मिटेल. कशाला कागद खराब करा? शिवाय जोडीची सूट मिळत होती, ती हकनाक का सोडा? जावईबापूंच्या कामावरच्या बुटांची वजावटही मी घेत होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो.

यंदा तूच भर. मला मोतीबिंदू आहे.

भिंगरीच्या उरलेल्या दातांना आशीर्वाद.
तुझा काका

१५ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा मोतीबिंदू काढून वर्ष झालं. नंतरच्या चष्म्याच्या काचा मीच घासल्या आहेत, तेव्हा ही सबब दुसरीकडे चालवा.

फॉर्म मलाही भरता येतो. पण माझ्या पहिल्या पगाराचा फॉर्म तुम्ही भरलात, भिंगरीचं नाव त्यात पहिल्यांदा तुम्हीच घातलंत. घरातली कुठलीही गोष्ट तुमच्या अक्षरात उतरली की मगच मला खरी वाटते. न्यायाधीशांनी लिहून दिलं, पण ते मला पुरलं नाही. तुम्ही अजून 'जावईबापू' म्हणता तेव्हा वाटतं, मी संसार टाकून चार दिवस राहायला आलेय आणि सगळे माझ्या परत जाण्याची वाट बघताहेत. याचा मला फार त्रास होतो, काका.

कोरा फॉर्म आणि जाड टोकाच्या सहा पेन्सिली पाठवते आहे.

राग नसावा, आणि असला तरी फॉर्म भरावा.
तुमची ठमी

२६ मार्च

कुटुंबप्रमुख ठमीबाई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मायना वाचून दचकू नकोस, काका ठणठणीत आहे. यंदापासून लागू झालेल्या नव्या करकायद्याची पुस्तिका वाचून काढली. गल्लीतले लोक रोज आपापले फॉर्म घेऊन दारात उभे असतात. समोरचा शिंपी विचारतो, फॉर्म सोपा केला म्हणतात, मग सहा पानांची अकरा कशी झाली?

तर, जोडीची सूट रद्द झाली. पोटगीवर आता घेणाऱ्याला कर नाही. आणि घटस्फोटानंतर जो एकट्याने मूल सांभाळतो त्याला 'कुटुंबप्रमुख' धरून कमी दर लावतात. मी दोनदा हिशेब केला. तुझा चांगला दीड पगार वाचतो. मला इतका आनंद झाला, की आमच्या ठमीचा घटस्फोट झालाय म्हणून मी शिंप्याला ओरडून सांगितलं. तीन वर्षं झाकलेली गोष्ट मीच पाच मिनिटांत गल्लीभर केली. शिंप्याने अभिनंदन केलं.

मग लिहायला बसलो आणि अडलो. कुटुंबप्रमुख म्हणजे मी, असंच आजवर लिहीत आलो होतो. घरभाडं, शाळा, ताप, दात सगळं तू एकटीने निभावलंस, आणि मी तुला कोणाची तरी बायको म्हणून लिहीत राहिलो. चुकलं माझं.

मागच्या तीन वर्षांचे दुरुस्त फॉर्मही जोडले आहेत. दंड मी भरेन, बुटांचाही. लिफ्टवाल्यांच्या बायकोला माफीची चिठ्ठी वेगळी धाडली आहे.

तुझ्या पेन्सिली भिंगरीला चित्रं काढायला परत पाठवतो. मला लागल्या नाहीत. या खेपेला थेट शाईनेच लिहिलं.

तुझा काका