व्याह्यांच्या तारा

रत्नागिरी, ता. ३ जानेवारी १९३८

ती. सौ. मथुराअक्कास, गंगारामचा सा. न. वि. वि.

मालिनीच्या लग्नाच्या पंगतीत मी एक वाक्य बोललो, ते मला केवढ्याला पडलं ते ऐक. महिनाभर घरात पाहुणा, रोज दोन वेळा सुरमई, आमच्या सौ. सगुणाचा अबोला आणि माझी झोप. माझ्या लेकीचं पहिलं मूल विजेच्या दिव्याखाली जन्मेल, असं मी भर पंगतीत म्हणालो होतो. त्यावर व्याही अण्णांनी शब्द टाकला, की तारांचं काम मग आमच्या धाकट्यालाच द्या. मीही भरल्या तोंडाने हो म्हणालो.

आता त्यांचा राजाभाऊ तारा ओढतोय. मुलगा गोड, गाणंही बरं म्हणतो. पण मी कौलं वाजवून विकण्यात जन्म काढला, खोट मला कानाने कळते. परवा त्याने तारांखाली ठोकलेल्या लाकडी पट्टीवर बोट मारलं, तर ती म्हाताऱ्याच्या दातासारखी वाजली. म्हणून काशीराम वायरमनला कौलं दाखवायच्या निमित्ताने घरी आणला. बाळंतिणीच्या खोलीत तो वर बघून पान चघळायचा थांबला. जोडावर चिंधी गुंडाळलीय, वीज आली की ठिणग्या खाटेवरच पडतील, म्हणाला. नीट करून देशील का विचारलं, तर दुसऱ्याने ओढलेल्या तारेला आपण हात लावत नाही, सगळं उतरवा, मग बोलवा.

उतरवलं तर अण्णांचा अपमान, ठेवलं तर लेकीच्या डोक्यावर आग. अण्णांना राखू की लेकीला, ते तू सांग. तू त्यांच्या शेजारी राहतेस, पोरीची खबरही कळव.

लोभ असू दे, आणि हे वाचून चुलीत घाल.

गंगाराम

सावर्डे, ता. ९ जानेवारी

चि. गंगारामास मथुरेचे अनेक आशीर्वाद.

चुलीत घातलं. आधी तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, ते अजून हसताहेत.

मालिनीला काल बघून आले. पाय सुजलेत, तरी जातं तिच्याच हाती. गेल्या साली याच घरात तिचं पोट पडलं, तेव्हा सासू म्हणाली होती, बसून राहिल्यानेच पडलं. पोर हळूच म्हणाली, आत्या, बाबांना सांग मला लवकर न्यायला. पण अण्णा गावभर सांगतात, राजाभाऊचं काम पुरं झाल्याचं पत्र आलं की सूनबाईला धाडीन, आधी नाही. त्याला काढलंस तर ती इथेच राहिली म्हणून समज.

राजाभाऊ मुंबईत नाटकगृहात दिवे लावायचा हे खरं आहे. म्हणजे बटण दाबायचा. सोयरीक करताना हे ऐकायला तुझे कान कुठे गेले होते?

मला विजेतलं कळत नाही. अण्णांना उजेड नकोय, पत्र हवंय. काम पुरं झालं म्हणून लिही आणि कंपनीकडे वीज मागूच नकोस.

माया आहे तशी ठेव. सगुणेला म्हणावं, अबोला पुरे.

मथुरा

रत्नागिरी, ता. २१ मार्च

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं म्हणून मालिनी इथे आहे. आली त्या दिवशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारभर झोपली. आज सकाळपासून कळा येताहेत, सुईण आत आहे. मला ओसरीवर बसवत नाही, म्हणून लिहितोय.

अडकलो तो मी. दिवा लागलेला बघितल्याशिवाय राजाभाऊ हलायला तयार नाही. रोज वीज कंपनीच्या कचेरीत तगादा लावतो. त्याच्याआधी जाऊन, घाई नाही, असं मला सांगावं लागतं. कारकून आम्हां दोघांना आळीपाळीने खुर्ची देतो. त्यात आमच्या शेजारच्या मास्तरांनी विचारलं, राजाभाऊला घरचं काम देऊ का. खरं बोललो तर अण्णांच्या कानावर जाणार, खोटं बोललो तर मास्तरांचं घर जळणार. आंबे उतरेपर्यंत थांबा, म्हणालो.

काशीरामला सांगून ठेवलंय, माझी लेक बाळाला घेऊन सासरी पोचली की दुसऱ्या दिवशी सगळं उतरव. मग अण्णा काय बोलायचं ते मला बोलोत. तोवर तारा भिंतीवर आणि मी त्यांच्याखाली.

कृपा आहेच, ती आटू देऊ नये.

गंगाराम

ता. क. दिवेलागणीला मालिनी बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. कंदील सगुणाने धरला होता.