आजोबांच्या वाफ्यातली मूठभर माती

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
कृषी सल्ला कार्यालय.

विषय : टोमॅटोच्या मुळांना गाठी आल्याने ‘पाणी वाढवा’ हा सल्ला मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपला तोच सल्ला, शिक्क्यासह, दोनदा.

महोदय,

आपण स्वतः कधी सुकलेलं टोमॅटोचं झाड उपटून त्याची मुळं पाहिली आहेत का? हे लिहायची माझी हिंमत होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या हरल्या. उद्धटपणाबद्दल क्षमा असावी, पण उत्तर हवंच आहे.

१. आमच्या घरामागची झाडं दुपारी माना टाकतात. बाबांचा शिक्क्यावर फार विश्वास, म्हणून ते पाणी वाढवतात आणि झाडं आणखी पिवळी पडतात. शेवटी मी एक उपटलं. मुळांवर गाठीच गाठी! शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं : सूत्रकृमी, म्हणजे मुळांत घर करणारे बारीक जंत. पाण्याने ते जात नाहीत. मातीबरोबर मात्र कुठेही जातात.

२. आमच्याकडे ते कसे पसरले, हे मला कळलं आहे. नवा वाफा केला की आजोबा जुन्यातली मूठभर माती त्यात टाकायचे. “ओळख करून देतोय,” म्हणायचे. ते गेल्यावर बाबांनी त्यांच्या शेवटच्या वाफ्यातली माती डब्यात भरली आणि घरामागच्या प्रत्येक वाफ्यात एकेक मूठ घातली. आजोबा गेले तेव्हा बाबा रडले नव्हते. माती घालताना रडले. आता विहिरीपलीकडचा एकच वाफा चांगला उरलाय. उद्या तिथे लावणी आहे, आणि डब्यात अजून माती आहे.

३. सबब, आपण तातडीने येऊन बाबांना समजवावे. मात्र रोग कुठून आला, हा विषय कृपया काढू नये.

४. परिच्छेद ३ मी मागे घेत आहे. तो विषय काढला नाही, तर उद्या ती मूठ पडणारच. आणि काढायचाच, तर परक्याने कशाला? म्हणून पेन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. आई भांडी पुसत होती. बाबांनी डबा आधीच खाली काढून ठेवला होता. मी म्हणाले, “आई, बाबा, विहिरीपलीकडे ही माती पडणार नाही. रोग हिच्यातूनच पसरलाय. आजोबांना माहीत नव्हतं, बाबा, तुम्हालाही नव्हतं. पण आता मला माहीत आहे. डबा माझ्याकडे द्या. मी तो टाकणार नाही, आणि उघडूही देणार नाही.”

आपली नम्र, तरीही प्रश्नावर ठाम,
घरामागच्या वाफ्यांची नात
(दहावी; घरी ‘भिंगरी’)

दिनांक : लावणीच्या आदल्या दिवशी

सोबत : गाठी आलेलं एक मूळ, बंद पिशवीत. पाहून झाल्यावर कृपया कार्यालयाच्या बागेत टाकू नये.